कोटणीस आठवतात, मग बाकीचे चौघे कुठे गेले?

२६ जुलैला कारगिल विजय दिन आला की एक व्हिडिओ हमखास फिरतो. कुणीतरी माइक घेऊन कॉलेजच्या दारात उभे राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरापोरींना विचारते : कारगिलचे युद्ध कोणत्या साली झाले? १९७१ मध्ये काय घडले? चुकलेली उत्तरे निवडून एकापुढे एक जोडलेली असतात. सोलापुरातल्या ग्रुपांवरही तो येतो आणि खाली ठरलेला निकाल लागतो : मोबाइलने ही पिढी वाया घालवली, देशासाठी कोण लढले हेही यांना ठाऊक नाही.

मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. बरोबर उत्तरे देणारी मुले त्या व्हिडिओत नसतात, हे एक झाले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तुलना कुणाशी चालली आहे? १९७१ ज्यांनी जाणत्या वयात पाहिले, ब्लॅकआउटसाठी मुंबईत खिडक्यांना लावलेले काळे कागद आणि रेडिओवरच्या बातम्या ज्यांना प्रत्यक्ष आठवतात, ती माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. कॉलेजातल्या मुलाचा कारगिलच्या वेळी जन्मही झाला नव्हता. एकाने अनुभवले, दुसऱ्याने धड्यात वाचले. खरी तुलना करायची तर आजोबा विशीत असताना त्यांना त्यांच्या जन्माआधीच्या युद्धांविषयी किती माहिती होती, हे विचारावे लागेल.

हॉवर्ड शुमन आणि जॅकलिन स्कॉट या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत पाहणी केली होती. ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या अर्धशतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या घटना कोणत्या, एवढाच प्रश्न. उत्तरांतून एक गोष्ट उठून दिसली : आपल्या किशोरवयात आणि विशीत जे घडले, तेच माणसाला इतिहासातले मोठे वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी जे तरुण होते त्यांनी महायुद्ध सांगितले, नंतरच्यांनी व्हिएतनाम.

विसरण्याचा वेग मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. हेन्री रॉडिगर आणि अँड्र्यू डिसोटो यांचा २०१४ मधला 'सायन्स'मधला लेख मला फार आवडतो. अमेरिकी विद्यार्थ्यांना १९७४, १९९१ आणि २००९ मध्ये आपल्या देशाचे सगळे राष्ट्राध्यक्ष आठवून लिहायला सांगितले होते. तिन्ही वेळा सुरुवातीचे काही आणि अलीकडचे काही सगळ्यांना आठवले. मधले बुडाले, फक्त लिंकन आणि त्यांच्या शेजारचे थोडे वर राहिले. आणि जपानवर अणुबॉम्ब टाकण्याचा हुकूम देणारे ट्रुमन? ते पिढीगणिक पायरी-पायरीने खाली उतरत आहेत. लेखकांच्या हिशेबाने २०४० पर्यंत त्यांची आठवण बहुतेकांच्या मनातून गेलेली असेल. १९७४ ते १९९१ या काळात कुणाच्या खिशात स्मार्टफोन नव्हता, तरी उतरण चालूच होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. विसरणे म्हणजे शाई फिकी पडत जाणे, असे आपण समजतो. काळ गेला, आठवण पुसली. हे अर्धेच खरे आहे. एक आठवण दुसऱ्या आठवणीला मारते, आणि मारण्याचे काम नेमके आपण आठवत असताना होते.

मायकेल अँडरसन, रॉबर्ट ब्यॉर्क आणि एलिझाबेथ ब्यॉर्क यांनी १९९४ मध्ये केलेला प्रयोग असा होता. मूळ शब्द इंग्रजी होते, मी आपल्याकडचे घेतो. तुम्हाला जोड्या पाठ करायला देतात : फळ–डाळिंब, फळ–सीताफळ, फळ–बोर, फळ–पेरू, मग भांडे–कढई, भांडे–परात, भांडे–तांब्या, भांडे–पातेले, असे बरेच गट. मग त्यातल्या काही गटांचा, आणि त्या गटांतही निम्म्याच शब्दांचा, सराव घेतात. समोर 'फळ–डा…' दिसते, तुम्ही आठवून 'डाळिंब' म्हणायचे. 'फळ–सी…', 'सीताफळ'. बोर आणि पेरू यांना कुणी हात लावत नाही. भांड्यांचा तर सगळा गटच तसाच राहतो. थोड्या वेळाने सगळे शब्द विचारतात.

डाळिंब-सीताफळ उत्तम आठवतात, सुमारे ७४ टक्के. यात नवल नाही. सराव न झालेल्या भांड्यांचे शब्द सुमारे ४८ टक्के आठवतात. मग बोर आणि पेरू यांचे काय व्हावे? त्यांचाही सराव झालेला नाही, म्हणजे भांड्यांइतकेच आठवायला हवेत. ते सुमारे ३८ टक्केच आठवतात. सराव झालेल्यांच्या शेजारी असल्याची शिक्षा त्यांना मिळते. दूरच्या, अजिबात न छेडलेल्या गटापेक्षाही ते जास्त विसरले जातात.

असे का व्हावे? 'फळ' म्हटले की मेंदूत चारही फळे एकदम उठतात. हवे असते डाळिंब. बोर, पेरू मध्ये येतात. डाळिंब बाहेर काढायचे तर त्या दोघांना मागे सारावे लागते. अँडरसन यांच्या मते हे मागे सारणे म्हणजे खरोखरचे दमन आहे, आणि ते त्या क्षणापुरते न राहता नंतरही रेंगाळते. याचा एक विलक्षण पुरावा आहे. 'फळ–डाळिंब' ही जोडी नुसती पुन्हा पुन्हा वाचायला दिली, तर डाळिंब पक्के होते, पण बोर-पेरूंना सहसा धक्का लागत नाही. धक्का लागतो तो आठवून काढण्याने. दुसरा पुरावा : गटातला जो शब्द आधीपासून ठळक असतो, मध्ये येण्याची शक्यता ज्याची अधिक, तोच जास्त दाबला जातो. दुबळे शब्द वाटेत येत नाहीत, म्हणून सुटतात. नुसत्या झिजण्याच्या कल्पनेने हे समजावता येत नाही. काही संशोधक दमनाऐवजी स्पर्धेने झालेल्या अडथळ्याचे किंवा संदर्भ बदलण्याचे स्पष्टीकरण पसंत करतात, आणि प्रयोगशाळेतला हा परिणाम किती काळ टिकतो यावरही वाद आहे. पण परिणाम होतो, हे अनेक ठिकाणी दिसले आहे.

आणि तो एका डोक्यापुरता राहत नाही. अलेक्झांड्रू कुक, जोनाथन कोपेल आणि विल्यम हर्स्ट यांनी २००७ मध्ये दाखवले, की एक जण गोष्ट सांगत असताना जे गाळतो, ते ऐकणाऱ्यालाही नंतर कमी आठवते. कारण लक्ष देऊन ऐकणारा मनातल्या मनात सांगणाऱ्याबरोबर आठवत असतो. नंतर ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या खऱ्या आठवणींवरही हे तपासले गेले, तिथेही ते आढळले. पुढच्या एका प्रयोगात तर सांगणारा आपल्यातला असेल तेव्हाच हा परिणाम दिसला. परक्या गटातल्याचे गाळणे तसे लागले नाही. म्हणजे घरच्या माणसांचे मौन जास्त खोल जाते.

आता सोलापूरकडे पाहा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथे जन्मले, १९१० मध्ये. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने १९३८ मध्ये वैद्यकीय पथक पाठवले, त्यात ते गेले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. भय्या चौकात त्यांचे स्मारक आहे, त्यांच्यावर १९४६ मध्ये चित्रपट निघाला, चीनचे पाहुणे आले की त्यांचे नाव निघतेच. पण ते पथक पाच डॉक्टरांचे होते. पथकप्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे बाकीचे चौघे. बसूंनी तर पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. 'चीनला गेलेले डॉक्टर' असे म्हणताच आपण दर वेळी एकच नाव बाहेर काढतो. कोटणीसांचा मोठेपणा खराच आहे, पण चोळकर मराठी मुलखातलेच असून मराठी माणसाला ठाऊक नसावेत, याचे मला फार वाईट वाटते.

देशाच्या पातळीवर हेच आणखी मोठ्या मापाने झाले असावे, असे मला वाटते. १९३९ ते १९४५ या वर्षांविषयी आपण काय सांगतो? चले जाव आणि आझाद हिंद सेना. सांगायलाच हवे. पण त्याच वर्षांत सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. १९४४ मध्ये इम्फाळ-कोहिमाला जपानी फौज अडवली गेली. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे त्याच वर्षी इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. एकाच गटातली ही सगळी माहिती. दोन गोष्टी सतत उच्चारल्या गेल्या आणि शेजारच्या दबल्या. हे विस्मरण आजोबांच्या पिढीत झाले. नातवंडांकडे ते तयारच आले.

इथे एक सांगून टाकतो. दहावीची परीक्षा जवळ आली की स्मरणशक्तीची सिरपे, गोळ्या, आणि डोळे बांधून वाचायला लावणाऱ्या मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या वर्गांच्या जाहिराती सुरू होतात. डोळे बांधलेली मुले नाकाजवळच्या फटीतून बघतात, एवढेच त्यातले रहस्य आहे. पालकांनी हजारो रुपये त्यात घालू नयेत. गूगलमुळे मेंदू कमजोर झाला, ही भीतीही तपासून घ्यावी : २०११ मधल्या ज्या प्रसिद्ध अभ्यासावर ती उभी आहे, त्यातला एक प्रयोग २०१८ मध्ये मोठ्या गटावर पुन्हा केला तेव्हा मूळ निकाल मिळाला नाही.

स्मरण पक्के करण्याचा खात्रीचा उपाय फुकट आहे : स्वतःला विचारणे. रॉडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पण विचारताना एकच नाव विचारले तर शेजारी मरतील, हे वर पाहिलेच. त्यावरही उतारा सापडला आहे. अँडरसन आणि मॅककलक यांनी १९९९ मध्ये दाखवले, की शब्द पाठ करतानाच त्यांचे एकमेकांशी नाते जोडायला सांगितले, तर दबण्याचा परिणाम बराच कमी होतो. एक ओढले की दुसरे आपोआप येते.

सोलापूरने हे आधीच करून ठेवले आहे. इंग्रजांनी १९३० मध्ये इथे लावलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे : चार पुतळ्यांच्या चौकात त्यांचे पुतळे एकत्र उभे आहेत, चौकाचे नावच 'चार' घेऊन येते. एकाचे नाव घेतले की उरलेल्या तिघांची जागा मनात रिकामी जाणवते. कोटणीसांच्या पथकाला अशी जागा कधी मिळाली नाही.

म्हणून मला एक पाहणी व्हावीशी वाटते, आणि आपल्या विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती सहज करता येईल. शहरातल्या तीन पिढ्यांना दोनच प्रश्न विचारायचे : हुतात्म्यांची चार नावे सांगा, आणि १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांची सांगा. माझा अंदाज असा की पहिल्या प्रश्नात ज्याला एक येते त्याला बहुधा तीन-चार येतील, आणि दुसऱ्यात आजोबांपासून नातीपर्यंत सगळे एकावर थांबतील. तसे निघाले, तर पुढच्या ९ डिसेंबरला एखाद्या शाळेने निम्म्या वर्गांना कोटणीसांचा धडा नेहमीसारखा शिकवावा आणि निम्म्यांना पाचही डॉक्टर एकमेकांशी जोडून : कोण कुठला, कोण कधी परतला, कोण मागे राहिला. मग उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दोन्हीकडे कोरा कागद द्यावा.