ग्वेंडोलिन ब्रुक्स : पुलित्झरच्या आधीचा वर्ग आणि नंतरचे वर्ग

1941 साली शिकागोच्या साउथ साइड भागात कवितेचा एक वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या आयनेझ कनिंगहॅम स्टार्क शहरातल्या धनिक वस्तीत राहणाऱ्या गोऱ्या बाई होत्या आणि ‘पोएट्री’ मासिकाशी त्यांचा जवळचा संबंध होता. शिकायला येणारी मंडळी बहुतेक तरुण आणि सगळी कृष्णवर्णीय. त्या वस्तीत जाऊ नका असं ओळखीपाळखीच्यांनी बजावूनही स्टार्कबाई नेमाने येत, येताना घरची पुस्तकं आणत आणि वाचायला देऊन जात. वर्गात प्रत्येकाची कविता सगळ्यांसमोर वाचली जाई आणि मग तिची चिरफाड होई. कुणी कुणाची भीड ठेवत नसे. गुळगुळीत, हजारदा वापरलेली शब्दयोजना दिसली की बाई तिथेच बोट ठेवत.

याच वर्गात चोवीस वर्षांच्या ग्वेंडोलिन ब्रुक्स नवऱ्यासोबत येऊ लागल्या. नवरा हेन्री ब्लेकली स्वतःही लिहिणारा. घरी वर्षाच्या आतला मुलगा होता. पुढे नऊ वर्षांनी, 1950 साली, ब्रुक्स यांना कवितेचं पुलित्झर मिळालं. कोणत्याही विभागात हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखक. त्यांचं चरित्र साधारणपणे या पुरस्कारापासून सांगितलं जातं. मला ते स्टार्कबाईंच्या वर्गापासून सांगावंसं वाटतं. त्या वर्गात ब्रुक्स कविता घडवायला शिकल्याच, शिवाय कविता शिकवायची कशी हेही त्यांनी तिथेच पाहिलं असणार. 1963 नंतरच्या जवळजवळ चाळीस वर्षांत त्यांनी शिकवताना जे केलं त्याची मुळं मला तिथे दिसतात.

त्याही आधीची गोष्ट. ब्रुक्स यांचा जन्म 7 जून 1917 रोजी कॅन्ससमधल्या टोपिकाचा. त्या काही आठवड्यांच्या असतानाच कुटुंब शिकागोला आलं. वडिलांचे वडील गुलामीतून पळून जाऊन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढलेले. वडील डेव्हिड यांना डॉक्टर व्हायचं होतं, त्यासाठी ते फिस्क विद्यापीठात वर्षभर शिकलेही. पण पुढे आयुष्य गेलं ते एका संगीत कंपनीत झाडलोट-देखभालीच्या नोकरीत. आई कीझाया टोपिकात शाळेत शिकवायच्या. मुलगी लिहू लागली तेव्हा त्यांनी तिच्या वाट्याची घरकामं कमी केली आणि तू बायकांमधली पॉल लॉरेन्स डनबार होणार आहेस, असं तिला सांगून टाकलं. डनबार म्हणजे त्या काळी घराघरात वाचले जाणारे कृष्णवर्णीय कवी. पहिली कविता एका बालमासिकात छापून आली तेव्हा ग्वेंडोलिन तेरा वर्षांची होती. पुढे ती आपल्या कविता ज्येष्ठ कृष्णवर्णीय कवी जेम्स वेल्डन जॉन्सन यांना पाठवू लागली, कवी लँग्स्टन ह्यूज शहरात वाचनाला आले तेव्हा त्यांच्या हातात दिल्या, आणि कृष्णवर्णीयांच्या ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रात तर तिच्या कितीतरी कविता येऊन गेल्या. म्हणजे स्टार्कबाईंच्या वर्गात आली ती कोरी पाटी नव्हती.

आता ही वस्ती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून 1970 पर्यंत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेकडची राज्यं सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. शिकागोत त्यांना कारखान्यात काम मिळे, पण राहायला साउथ साइडचा एक चिंचोळा पट्टाच. बाकी भागांत घराच्या खरेदीखतातच अट घातलेली असे की ही जागा कृष्णवर्णीयाला विकायची वा भाड्याने द्यायची नाही. अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 1948 साली. तोवर माणसं वाढत गेली आणि जागा तेवढीच राहिली. घरमालकांनी मोठ्या घरांचे तुकडे पाडले. एकेका खोलीत एकेक कुटुंब, कोपऱ्यात चूल, आणि मजल्यावर सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. अशा खोलीला किचनेट म्हणत आणि त्या पट्ट्याला ब्रॉन्झव्हिल.

ब्रुक्स आणि ब्लेकली अशाच घरांत राहिले. कविता हवी असेल तर खिडकीतून खाली बघायचं, विषय रस्त्यावर चालत, भांडत, गात जात असतो, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. किचनेटवरची त्यांची कविता अवघ्या तेरा ओळींची आहे. या इमारतीत एखादं स्वप्न कांद्याच्या वासातून, बटाटे तळल्याच्या वासातून आणि दारात साचलेल्या कालच्या कचऱ्यातून वर येऊ शकेल का, असा प्रश्न ती विचारते. विचार पुरता होईपर्यंत पाच नंबरवाला न्हाणीघरातून बाहेर पडतो. मग पाणी निदान कोमट मिळावं एवढीच आशा, आणि आत शिरायची घाई. दारिद्र्यावर कढ काढणाऱ्या कविता पुष्कळ आहेत. इथे कढ नाही. न्हाणीघराची पाळी चुकू नये म्हणून स्वप्न अर्ध्यावर टाकावं लागतं, एवढंच आहे, आणि ते पुरतं.

अशा कवितांच्या पहिल्या संग्रहाचं हस्तलिखित हार्पर या बड्या प्रकाशनाकडे गेलं तेव्हा त्यांनी अभिप्रायासाठी कादंबरीकार रिचर्ड राइट यांना विचारलं. राइट यांनी कवितांची वाहवा केली, पण गर्भपात केलेल्या आईच्या मनातली कविता त्यांना खटकली. हा विषय कवितेत पेलेल का, अशी त्यांची शंका होती. ब्रुक्स यांनी कविता काढली नाही. 1945 साली ‘अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल’ त्या कवितेसह निघालं, आणि आज अमेरिकन कवितेच्या कुठल्याही मोठ्या संकलनात ती सापडते. याच पुस्तकाच्या शेवटी दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांवरची सुनीतांची मालिका आहे. यमकं मुद्दाम अर्धवट जुळवलेली. स्वतःच्याच सैन्यात वेगळं बसवल्या जाणाऱ्या माणसांची गोष्ट नीट जुळणाऱ्या यमकात सांगणं त्यांना पटलं नाही.

दुसरा संग्रह ‘अ‍ॅनी अ‍ॅलन’ 1949 चा. वस्तीतली एक साधी मुलगी, तिचं लहानपण, लग्न, नवऱ्याचं युद्धावर जाणं आणि परतून दुरावणं. मधली दीर्घ कविता तर होमरच्या महाकाव्याच्या थाटाची, सात-सात ओळींच्या कडव्यांची. सुरुवातीला एडवर्ड ब्लँड यांच्या आठवणीतली कविता आहे. ब्लँड हे स्टार्कबाईंच्या वर्गातले सोबती, युद्धात मारले गेले. याच पुस्तकाला पुलित्झर मिळालं. ब्रुक्स यांनीच सांगितलेली हकिगत अशी : पत्रकाराचा फोन आला तेव्हा संध्याकाळ होती आणि बिल थकल्यामुळे घरातली वीज तोडलेली होती. दुसऱ्या दिवशी छायाचित्रकार आपले दिवे घेऊन आले. ते भिंतीतल्या प्लगला जोडले की काय होणार, या विचाराने ब्रुक्स यांचा जीव टांगणीला लागला. पण तोवर वीज परत आली होती. कशी, ते त्यांना कळलं नाही.

पुढची दहा वर्षं मी भराभर ओलांडतो. 1953 साली त्यांची एकमेव कादंबरी आली, मग मुलांच्या कविता, आणि 1960 साली ‘द बीन ईटर्स’. त्यातल्या दोन कवितांपाशी मात्र थांबायला हवं.

पहिली एमेट टिलच्या खुनावरची. 1955 च्या ऑगस्टमध्ये शिकागोचा हा चौदा वर्षांचा मुलगा मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला असताना, त्याने एका गोऱ्या बाईशी आगळीक केली असं म्हणून त्याला मारून नदीत टाकलं. आरोपी सुटले. ब्रुक्स यांनी ही कविता त्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरातून लिहिली. न्याहारी करता करता ती स्वतःला जुन्या पोवाड्यातली गोरीपान राजकन्या समजू पाहते : दुष्ट खलनायक, धावून आलेला राजपुत्र. पण खलनायकाच्या जागी शाळकरी पोर होतं हे काही केल्या तिच्या डोक्यातून जात नाही. नवऱ्याचे हात आता तिला बघवत नाहीत. मारणाऱ्याच्या घरात शिरून, तिथल्या बाईला माणूस मानून लिहिणं आणि तरी तिला सोडून न देणं याला फार मोठी ताकद लागते.

दुसरी ‘वी रिअल कूल’. शाळेच्या वेळेत बिलियर्डच्या अड्ड्यावर जमलेली सात पोरं ब्रुक्स यांना दिसली. ही शाळेत का नाहीत, हा प्रश्न कुणालाही पडेल. ब्रुक्स यांच्या मनात आलं ते असं की या पोरांना स्वतःबद्दल काय वाटत असेल? त्यातून आठ ओळी झाल्या, चोवीस शब्द, सगळे एकाक्षरी उच्चाराचे. ‘आम्ही’ हा शब्द ओळीच्या शेवटी लटकत ठेवलेला. वाचताना तो हलक्या आवाजात घ्यायचा असं त्या सांगत, कारण त्या पोरांची स्वतःविषयीची खात्री तेवढीच होती. शेवटच्या ओळीत ती खात्री आणि पोरं दोन्ही संपतात.

1963 साली शिकागोच्या कोलंबिया कॉलेजने त्यांना कवितेचा वर्ग घ्यायला बोलावलं. कसा घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, वाटल्यास खोलीबाहेर घ्या, असं अध्यक्षांनी सांगितलं. ब्रुक्स यांच्याकडे चार वर्षांची पदवी नव्हती, शाळेनंतरचा दोन वर्षांचा ज्युनियर कॉलेजचा अभ्यासक्रम तेवढा झालेला. तरी एकापाठोपाठ एक संस्था बोलावत गेल्या : एल्महर्स्ट, नॉर्थईस्टर्न इलिनॉय, विस्कॉन्सिन विद्यापीठ, न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज, आणि अखेरच्या दशकात शिकागो स्टेट विद्यापीठ.

1967 च्या वसंतात त्या फिस्क विद्यापीठात कृष्णवर्णीय लेखकांच्या संमेलनाला गेल्या. हे वडिलांचं अर्धवट राहिलेलं विद्यापीठ. पन्नाशीला आलेल्या, पुलित्झर मिळवलेल्या कवयित्रीला तिथे मान मिळाला, पण थंड मान. कवी-नाटककार अमिरी बराका आणि त्यांच्या भोवतीची तरुण मंडळी गोऱ्या प्रकाशकांसाठी, गोऱ्या वाचकांसाठी लिहायचं नाही असं उघड म्हणत होती. ब्रुक्स रागावल्या नाहीत. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मनावर घेतलं. मराठी वाचकाला ही हवा अनोळखी वाटू नये. याच काळातल्या कृष्णवर्णीय चळवळीतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून 1972 साली मुंबईत दलित पँथरने आपलं नाव घेतलं.

शिकागोला परतल्यावर त्यांनी ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीतल्या पोरांसाठी कवितेचा वर्ग धरला. त्याच्या आजूबाजूने तरुण लेखकांचा गट जमला आणि ब्रुक्स यांच्या घरी बसू लागला. त्यात डॉन ली होते, म्हणजे पुढचे हाकी मधुबुटी, कॅरोलिन रॉजर्स होत्या, वॉल्टर ब्रॅडफर्ड होते. ब्रुक्स यांनी सुरुवातीला त्यांना सुनीत आणि वृत्तं शिकवायचा प्रयत्न केला. पोरांनी तो जुमानला नाही. मग त्यांनी हट्ट सोडला. एकदा सगळे मिळून वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यात गेले आणि पिणाऱ्यांना कविता वाचून दाखवल्या. गिऱ्हाइकांनी ऐकल्या. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांकडून शिकावं असं आपण सहज म्हणतो, पण पन्नासाव्या वर्षी नावारूपाला आलेलं माणूस असं प्रत्यक्ष वागताना क्वचित दिसतं. ब्रुक्स यांच्याबद्दल मला सर्वांत आदर वाटतो तो इथे.

त्याच 1967 च्या ऑगस्टमध्ये शिकागोत दोन उद्घाटनं झाली : शहराच्या मध्यभागी पिकासोचं भव्य पोलादी शिल्प आणि साउथ साइडच्या एका जुनाट इमारतीवर कृष्णवर्णीय नायकांची चित्रं असलेली ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’. ब्रुक्स यांनी दोन्हींसाठी कविता लिहिल्या. शिल्पापुढे त्यांची कविता जराशी अवघडलेली आहे, भिंतीपुढे ती मोकळी होते.

1968 साली ‘इन द मेक्का’ आलं. मेक्का ही 1892 साली बांधलेली भपकेबाज इमारत पुढे दाटीवाटीच्या खोल्यांची झाली. तरुणपणी ब्रुक्स यांनी तिथे ताईत आणि वशीकरणाची औषधं विकणाऱ्या एका बुवाकडे काही महिने नोकरी केली होती. 1952 साली इमारत पाडली. आज त्या जागी वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोह यांनी उभारलेली वास्तुकला महाविद्यालयाची काचेची वास्तू आहे. ब्रुक्स यांच्या दीर्घ कवितेत एक आई हरवलेल्या मुलीला शोधत त्या इमारतीच्या दारोदार फिरते. प्रत्येक दारामागे एक आयुष्य, आणि मुलगी कुणीच पाहिलेली नाही.

हार्परकडचं हे त्यांचं शेवटचं नवं पुस्तक. त्यानंतर 1969 साली त्यांनी ‘रायट’ हे कवितांचं पुस्तक दिलं ते डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेसला. ग्रंथपाल-कवी डडली रँडल यांनी चालवलेलं ते छोटं प्रकाशन. आत्मचरित्राचा पहिला भागही 1972 साली तिथूनच निघाला. मोठा प्रकाशक सोडल्याचा फटका बसला. पुस्तकं दुकानांत दिसेनाशी झाली, मोठ्या वृत्तपत्रांत परीक्षणं येईनात. त्यांनी मार्ग बदलला नाही.

मानसन्मान मात्र थांबले नाहीत. 1968 साली कवी कार्ल सँडबर्ग यांच्यानंतर त्या इलिनॉय राज्याच्या राजकवी झाल्या आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे 3 डिसेंबर 2000 पर्यंत, त्या पदावर राहिल्या. 1985-86 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कविता सल्लागार झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. 1995 साली राष्ट्रीय कला पदक मिळालं. पण राजकवीपद ही त्यांनी शोभेची खुर्ची होऊ दिली नाही. राज्यातल्या शाळकरी मुलांसाठी त्यांनी कवितास्पर्धा सुरू केली आणि बक्षिसांचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. शाळा, तुरुंग, रुग्णालयं, जिथून बोलावणं येई तिथे त्या जात.

2010 साली कवी टेरन्स हेज यांनी ‘वी रिअल कूल’वर एक रचना केली. त्यांच्या कवितेच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द वरून खाली वाचत गेलं की ब्रुक्स यांची मूळ कविता सलग मिळते. बिलियर्डच्या अड्ड्याच्या नावावरून या रचनेला ‘गोल्डन शॉवेल’ म्हणू लागले. ब्रुक्स यांच्या जन्मशताब्दीला, 2017 साली, अशा कवितांचं एक जाडजूड संकलन निघालं. नामवंत कवींच्या जोडीला त्यात विद्यार्थ्यांच्याही कविता आहेत. हा प्रकार आता अमेरिकेतल्या शाळांत कविता शिकवताना सर्रास वापरला जातो : मुलांना ब्रुक्स यांची एक ओळ द्यायची, तिचे शब्द कागदाच्या उजव्या कडेला एकाखाली एक लिहायला लावायचे, आणि प्रत्येक शब्दापर्यंत पोचणारी ओळ ज्याची त्याने स्वतः लिहायची.