मृदेतील यीस्ट (कोकण)

मातीत आणि पालापाचोळ्यात राहणारी एकपेशीय कवके. माडीला फेस आणणारी यीस्ट सर्वांच्या ओळखीची आहेत; मातीतली बहुतेक यीस्ट मात्र किण्वन (साखर आंबवणे) करतच नाहीत. लिपोमायसिस, सॉलिकोकोझायमा हे इथले कायमचे रहिवासी. एका ग्रॅम मातीत जीवाणू कोट्यवधी असतात, यीस्ट शेकड्यांपासून काही लाखांपर्यंत. बहुतेक वस्ती वरच्या काही सेंटिमीटरांत.

कोकणची जांभ्याची माती आम्ल आहे. पाऊस 2,500 ते 3,500 मिमी, तोही मुख्यतः चार महिन्यांत. पुढे मे अखेरपर्यंत जमीन कोरडी. यीस्टला आम्लता फारशी जाचत नाही. अनेकांच्या पेशीभोवती बुळबुळीत शर्करायुक्त आवरण असते. ते ओल धरते, मातीचे कण एकमेकांना चिकटवते. जांभ्यात लोह व ॲल्युमिनियमने फॉस्फेट जखडलेले असते. काही यीस्ट सेंद्रिय आम्ले सोडून ते थोडे मोकळे करतात. प्रयोगशाळेत दिसणारा हा गुण आंब्याच्या बागेत तितकाच उतरेल असे मात्र धरून चालू नये. सूत्रकृमी, अमीबा, कोळीकिडे यांचे यीस्ट हे खाद्यही आहे.

मार्च ते मे काजूच्या झाडाखाली उभे राहावे. बी पिरगळून काढल्यावर टाकलेली बोंडे दोन दिवसांत आंबतात, दाबली तर रसातून बुडबुडे येतात, वर चिलटांचा थवा. ही पाहुणी यीस्ट. रस मातीत झिरपतो, साखर संपते आणि त्यांची संख्या झपाट्याने घटते. पुढच्या हंगामापर्यंत बोंड नाही, मग ती जातात कुठे? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी 1880 च्या सुमारास लिंबाच्या आकाराच्या एका यीस्टबाबत हेच शोधले: फळे नसताना ते झाडाखालच्या मातीत तग धरते आणि फळे पिकली की पुन्हा त्यांवर पोचते. वाहतुकीला वारा, पाऊस आणि कीटक. काजूखालच्या चिलटांचे काम यावरून समजावे.

भातरोपांसाठी राब (रोपे तयार करण्याची जागा) भाजताना कवळ (छाटलेल्या फांद्या), पातेरा (पालापाचोळा), शेण पेटवतात. तण मरते, राख मिळते. पण आच नेमकी यीस्टची वस्ती असलेल्या वरच्या थराला लागते. भाजलेला तुकडा लहान असतो, आजूबाजूचा पातेरा शाबूत असतो, त्यामुळे वस्ती पुन्हा भरते. बागेतला सगळा पाचोळा झाडून जाळला, तर ती सोय उरत नाही.