हवा कमी केली की पकड वाढतेच का?

गाडी रेसिंग ट्रॅकवर नेताना रोड टायरमधली (रोजच्या रस्त्यावरच्या टायरमधली) हवा जितकी कमी, तितकी पकड जास्त, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यात अर्धं तथ्य आहे. टायर तापला की दाब वाढतो: 30 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर 30 अंश सेल्सिअसने तापला तर दाब साधारण 34-35 होतो. म्हणून आधी थोडी हवा काढणं बरोबरच.

पण फार काढली तर वळणावर टायरची बाजू दुमडते, भार कडेवर येतो आणि कडा झिजते. स्टीअरिंगही सुस्त वाटतं.

पडताळायला खडू पुरतो, महागडं काही नको. टायरच्या कडेपासून बाजूपर्यंत रेघा ओढा, काही फेऱ्या मारा आणि परतताच, टायर गार व्हायच्या आत, दाब मोजा. बऱ्याच टायरांच्या कडेला छोटा त्रिकोण असतो. खडू त्याच्याही पलीकडे, बाजूवर पुसला गेला असेल तर हवा कमी पडतेय.