राजमा आधी, चोरीस नंतर : एका रश्श्याची पार्श्वभूमी

ठाण्यात-नवी मुंबईत गोव्याहून चोरीसची (डुकराच्या मांसाच्या तिखट-आंबट सॉसेजची) माळ आली आणि घरी पहिल्यांदाच राजमा-चोरीस करायचा घाट घातला, की तक्रार बहुधा ठरलेली: आठ शिट्ट्या झाल्या, चोरीसचा लगदा झाला आणि राजमा दाताखाली कचकचतोच आहे. बोल दुकानदाराला लागतो. राजमा जुना असू शकतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा चूक असते ती दोन्ही एकदम कुकरला लावण्याची. युरोपात मात्र सॉसेज आणि घेवडा (राजम्याचीच जात) सुरुवातीपासून एकाच भांड्यात शिजतात आणि छान मऊ होतात.

राजमा मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोपासून अँडीज पर्वतापर्यंतच्या पट्ट्यातला. 1492 नंतर तो युरोपात पोहोचला. दक्षिण फ्रान्समधल्या कास्तेलनोदारी गावात कासुलेची (मांस आणि घेवड्याच्या रश्श्याची) दंतकथा सांगतात: शंभर वर्षांच्या युद्धात गावाला वेढा पडला, तेव्हा लोकांनी उरलंसुरलं मांस आणि शेंगांतले दाणे एका भांड्यात रटरटवले, अशी. कथा खरी धरली तरी ते दाणे राजम्याच्या जातीचे असूच शकत नाहीत. ते युद्ध कोलंबसाच्या कितीतरी आधीचं. आजच्या कासुलेत पांढरा घेवडा असतो आणि नाव पडलंय ते कासोल या मातीच्या भांड्यावरून. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातल्या फाबादा रश्श्यात मोठा पांढरा घेवडा आणि चोरिसो सॉसेज पहिल्यापासून एकत्र मंद आचेवर असतात. या सॉसेजांत मीठ, लसूण, मिरी किंवा लाल पाप्रिका, व्हिनेगर नाही. मुद्दा इथेच आहे.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1534 मध्ये वसई मिळवली आणि साष्टी बेटाबरोबर ठाणंही त्यांच्याकडे गेलं. पोर्तुगीजांत घेवड्याला ‘फेजांव’ म्हणतात, त्यावरून या राजमा-चोरीसच्या रश्श्याचं नाव फेजुआदा. आपला पावसुद्धा त्यांच्याच ‘पांव’वरून आला. मांस द्राक्षाची दारू आणि लसणीत मुरवायची पद्धत त्यांच्याकडे होतीच. आपल्या किनाऱ्यावर द्राक्षाची दारू नव्हती, माडाची सुर होती. तिचं व्हिनेगर आलं. शिवाय अमेरिकेतूनच आलेली लाल मिरची. दमट हवेत नुसत्या मिठावर आणि वाऱ्यावर मांस टिकवणं अवघड, म्हणून आंबटपणाचा आधार मोठा. डुकराच्या मांसाचे हाताने केलेले तुकडे मीठ, मिरची, आलं-लसूण, गरम मसाला आणि व्हिनेगरमध्ये मुरवून आतड्यात भरायचे, दोऱ्याने मण्यांसारखे बांधायचे आणि उन्हात-धुरात सुकवायचे. हे काम उन्हाळ्यात करून ठेवायचं, पावसाळ्यात मासळी नसते तेव्हा खायचं.

मराठ्यांनी 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला (तिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे) आणि 1739 मध्ये वसई. गोव्यात पोर्तुगीज 1961 पर्यंत राहिले. इकडे ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती) घरांत विंदालू आणि सोरपोतेल टिकलं, म्हणजे डुक्कर आणि व्हिनेगरची जोडी ठाण्याला परकी नाही.

आता कुकरकडे. दाणा मऊ होतो तो त्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळल्यावर. आंबट पाण्यात पेक्टिन नीट विरघळत नाही, म्हणून चोरीसमधलं व्हिनेगर पाण्यात उतरलं की राजमा कडक राहतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही त्याला घट्ट धरून ठेवतं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर राजम्यापुरतं आरओचं घ्यावं. सोड्याने दाणा लवकर फुटतो खरा, पण रश्श्याला साबणाची चव येते. आमच्या मते सोड्यापेक्षा एक तास जास्त भिजवणं बरं.

चौघांसाठी 250 ग्रॅम चित्रा राजमा घ्यावा. कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर उत्तमच. एक लिटर पाण्यात 15 ग्रॅम मीठ घालून 8 ते 10 तास भिजवावा. मिठाने साल मऊ पडते. ‘मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही’ हा समज सोडून द्यावा. उन्हाळ्यात भांडं फ्रीजमध्ये, नाहीतर पाणी फसफसतं. ते पाणी टाकून ताज्या पाण्यात, एक शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर 15 मिनिटं. बोटात दाबल्यावर मध्ये खडा लागता कामा नये. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात करणार असाल तर आधी दहा मिनिटं खळखळून उकळणं सक्तीचं: कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन कमी तापमानाला नष्ट होत नाही आणि चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात.

चोरीस 200 ग्रॅम. दोरा कापून आतडं सोलायचं. कपभर पाण्यात मध्यम आचेवर ठेवलं की दहा-बारा मिनिटांत पाणी आटतं आणि लाल तूप (चोरीसची चरबी) सुटतं. तेल लागत नाही. दोन चमचे ठेवून बाकीचं काढावं, त्यात दोन कांदे परतावेत. टोमॅटो नको, आंबटपणा पुरेसा आहे. मग शिजलेला राजमा आणि त्याचंच दोन कप पाणी, वीस मिनिटं मंद आच, एक डाव दाणे कढईच्या कडेला चेचून. मीठ अगदी शेवटी, चाखून. चोरीस आधीच खारट असतं.

फ्रीजरमधली चिकन सॉसेज वापरायची तर त्यांत ना आंबटपणा, ना फारशी चरबी. मग भिजवलेल्या सहा काश्मिरी मिरच्या, आठ लसूण पाकळ्या आणि चमचाभर व्हिनेगर वाटून तेलावर परतावं. परतलेले तुकडे शेवटच्या पाच मिनिटांत घालावेत. जास्त उकळले तर रबर होतात.

पनवेल-उरणकडची पोपटी आठवून पाहा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, मीठ, ओवा. सगळं एकदम भरून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. अर्ध्या-पाऊण तासात शेंगाही शिजतात, कोंबडीही. शेंगा ओल्या आणि मडक्यात आंबट काहीच नाही, म्हणून.

फेजुआदा दुसऱ्या दिवशी घट्ट होतो. गार पाणी न ओतता अर्धी वाटी कढत पाणी घालून गरम करावा, सोबत लादीपाव.