ॲपमध्ये गोल चार्ट: टाकणे, रंगवणे आणि तपासणे

गोल चार्टची, म्हणजे पाय चार्टची, एक खोड आधीच सांगून ठेवतो: तो कधीच अर्धवट दिसत नाही. टेबलात पाच हजार नोंदी असोत आणि चार्टपर्यंत त्यातल्या पाचशेच पोचलेल्या असोत, वर्तुळ पूर्णच भरते. म्हणून या पत्रकात रंगरंगोटीपेक्षा जास्त जागा, आकडे चार्टपर्यंत कसे पोचतात याला दिली आहे. पायऱ्या पॉवर ॲप्सच्या (फारसे कोड न लिहिता ॲप बनवायचे मायक्रोसॉफ्टचे साधन) कॅनव्हास ॲपसाठी आहेत, म्हणजे ज्यात पडद्यावर एकेक घटक आपण मांडतो त्या प्रकारच्या ॲपसाठी. दुसऱ्या लो-कोड साधनात बटणांची नावे वेगळी असतील, अडचणी बहुतेक याच येतील.

गोल चार्ट कधी घ्यावा

एका पूर्ण गोष्टीचे भाग दाखवायचे असतील तरच. तक्रारींची स्थिती हे चांगले उदाहरण: प्रत्येक तक्रार नवीन, काम सुरू, सुटे भाग हवेत किंवा पूर्ण यांपैकी एकाच खान्यात असते आणि सगळ्यांची बेरीज एकूण तक्रारींइतकी येते. सरासरी, उणे आकडे किंवा 'लागू असतील ते सर्व पर्याय निवडा' अशा प्रश्नाची उत्तरे गोलात घालू नका. चार्ट तयार होईल, पण त्याला अर्थ नसेल.

पाय चार्ट 1801 साली विल्यम प्लेफेअरने छापला आणि तेव्हापासून तो लोकांना आवडतो. मात्र डोळ्याला कोनापेक्षा लांबी अचूक मोजता येते, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी 1984 साली प्रयोगांतून दाखवले. 23 टक्के आणि 26 टक्के यांतला फरक वाचणाऱ्याला कळायलाच हवा असेल, तर सरळ बार चार्ट घ्या. 'निम्म्याहून जास्त काम झाले आहे' एवढेच सांगायचे असेल, तर गोल उत्तम.

कापांची संख्या सहाच्या पुढे नेऊ नका. 1 टक्का म्हणजे 3.6 अंश, फोनच्या पडद्यावर ती जेमतेम एक रेघ दिसते.

आकडे तयार करणे

मूळ टेबल चार्टला थेट जोडले तर प्रत्येक ओळीचा एक काप होतो. 300 तक्रारी असतील तर 300 काप. म्हणून आधी गट पाडून मोजणी करायची आणि तो छोटा संच एका कलेक्शनमध्ये, म्हणजे ॲपच्या मेमरीतल्या तात्पुरत्या टेबलात, ठेवायचा. स्क्रीनच्या 'ऑनव्हिजिबल'मध्ये (स्क्रीन उघडताच चालणारे सूत्र लिहायची जागा) हे सूत्र आतून बाहेर असे रचा:

1. 'ग्रुपबाय'ने तक्रारींचे 'स्थिती' या कॉलमवर गट पाडा.
2. त्यावर 'ॲडकॉलम्स' लावून 'संख्या' हा कॉलम जोडा. त्यात 'काउंटरोज'ने प्रत्येक गटातल्या ओळी मोजा. नोंदींऐवजी रकमा हव्या असतील तर इथे 'सम' वापरा.
3. 'सॉर्ट'ने मोठ्यापासून लहानाकडे क्रम लावा.
4. हे सगळे 'क्लिअरकलेक्ट'मध्ये घाला. नुसते 'कलेक्ट' वापरले तर स्क्रीन उघडेल तेव्हा जुन्या ओळींवर नव्या ओळी साचत जातात आणि दुसऱ्या फेरीला प्रत्येक काप दोनदा दिसतो.

शेअरपॉइंटमधला (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन याद्या ठेवायची सेवा) 'चॉइस', म्हणजे ठरलेल्या पर्यायांतून निवडायच्या प्रकारचा कॉलम 'ग्रुपबाय'ला थेट चालत नाही, कारण त्या खान्यात साधा मजकूर नसून एक रेकॉर्ड असते. आधी 'ॲडकॉलम्स'ने त्याच्या 'व्हॅल्यू'चा मजकुराचा कॉलम करून घ्या आणि गट त्यावर पाडा.

काप सहापेक्षा जास्त होत असतील तर पहिले पाच ठेवा, एकूण बेरजेतून त्यांची बेरीज वजा करा आणि उरलेला आकडा 'इतर' या नावाने कलेक्शनच्या शेवटी जोडा. क्रम लावून झाल्यावरच जोडा, नाहीतर 'इतर' मध्येच कुठेतरी घुसतो.

चार्ट टाकणे

'इन्सर्ट'मधून 'चार्ट्स' आणि त्यात 'पाय चार्ट' निवडा. पडद्यावर येतो तो तीन कंट्रोलचा (पडद्यावरच्या घटकांचा) गट असतो: शीर्षक, प्रत्यक्ष चार्ट आणि लेजंड (कोणता रंग कशाचा ते सांगणारी यादी). गटावर एकदा क्लिक केले की अख्खा गट निवडला जातो, चार्टवर पुन्हा क्लिक केल्यावर चार्ट. गुणधर्म सापडत नाहीत अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा गटच निवडलेला असतो.

चार्टच्या 'आयटम्स'मध्ये कलेक्शनचे नाव द्या. मग 'लेबल्स'साठी 'स्थिती' आणि 'सिरीज'साठी 'संख्या' निवडा. 'सिरीज'च्या यादीत तुमचा कॉलम दिसत नसेल तर त्यातले आकडे मजकूर म्हणून साठवलेले आहेत. 'व्हॅल्यू' फंक्शनने त्यांचे संख्येत रूपांतर करा. पाय चार्टला एकच सिरीज लागते. या महिन्याची मागच्या महिन्याशी तुलना हवी असेल तर दोन गोल शेजारी ठेवण्यापेक्षा कॉलम चार्ट घ्या.

रंग

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. 'आयटमकलरसेट'मध्ये रंगांची यादी असते आणि ते रंग ओळींच्या क्रमाने लागतात, नावाने नाही. आज 'पूर्ण' पहिल्या क्रमांकावर आहे म्हणून हिरवा. उद्या 'नवीन' तक्रारी वाढून पहिल्या आल्या की हिरवा रंग त्यांना मिळतो आणि पाहणाऱ्याला वाटते, सगळे आलबेल आहे.

यावर उपाय असा: कलेक्शन करतानाच 'रंग' नावाचा कॉलम जोडा, त्यात 'स्विच' फंक्शनने प्रत्येक स्थितीला तिचा पक्का रंग द्या आणि 'आयटमकलरसेट'ला कलेक्शनचा तो कॉलम द्या. क्रम कसाही बदलला तरी रंग आपल्या नावासोबत फिरतो. लेजंडचा 'आयटमकलरसेट' चार्टच्याच 'आयटमकलरसेट'कडे बोट दाखवतो ना, तेही पाहा. तिथे कोणी हाताने रंग भरले असतील तर चार्ट एक सांगतो आणि लेजंड दुसरेच.

रंग 'आरजीबीए'ने दिल्यास पहिले तीन आकडे 0 ते 255 आणि चौथा 0 ते 1 असतो. चौथा 0 झाला की काप पारदर्शक होतो आणि वर्तुळात भगदाड दिसते. लाल आणि हिरवा शेजारी टाळा, बऱ्याच जणांना त्यांतला फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी ही जोडी सुरक्षित. सुलभतेच्या 'डब्ल्यूसीएजी 2.1' निकषांनुसार आकृतीतल्या महत्त्वाच्या भागांचा शेजारच्या रंगाशी उठाव (कॉन्ट्रास्ट) किमान 3:1 असावा, लहान अक्षरांसाठी 4.5:1.

कापांमध्ये थोडी फट हवी असेल तर 'एक्सप्लोड'ला छोटा आकडा द्या. मोठा दिला की तुकडे विखुरतात आणि गोलाचा अर्थच हरवतो.

टक्के आणि डोनट

'शोलेबल्स' सुरू केल्यावर कापावर मूळ आकडा येतो. टक्के हवे असतील तर ते कलेक्शनमध्ये काढा: संख्या भागिले एकूण, गुणिले 100, आणि 'राउंड'ने एक दशांश. मग नाव आणि टक्के एकत्र जोडून 'लेबल्स'साठी तो कॉलम वापरा, म्हणजे लेजंडमध्ये 'पूर्ण – 42.5%' असे दिसेल. तीन समान भागांचे टक्के 33.3 येतात आणि बेरीज 99.9 भरते. ही पूर्णांकनाची तूट आहे. ती भरून काढायला एखाद्या कापाचा आकडा हाताने वाढवू नका. एकूण शून्य असेल तर भागाकार चुकतो, म्हणून 'इफ'ने ती स्थिती आधी वेगळी काढा आणि चार्टच्या जागी 'नोंदी नाहीत' असे दाखवा.

कॅनव्हासमधल्या या नेहमीच्या पाय चार्टचे डोनट (मधोमध पोकळ असलेला गोल) करायचे तर मधोमध पार्श्वभूमीच्याच रंगाचे वर्तुळ ठेवा. वर्तुळाचा व्यास चार्टच्या व्यासाच्या निम्मा ते साठ टक्के ठेवला की कडे नीट दिसते. त्या पोकळ जागेत एक लेबल टाका आणि त्यात 'सम'ने कलेक्शनमधल्या संख्यांची बेरीज दाखवा. डोनट करण्याचे खरे कारण आमच्या मते हेच आहे.

पाचशेची भिंत

डोनटच्या मधोमधची ती बेरीज नेमकी 500 किंवा 2000 दिसली तर थांबा. 'ग्रुपबाय'चे काम शेअरपॉइंटसारख्या स्रोताकडे सोपवता येत नाही. ओळी ॲपमध्ये ओढून आणाव्या लागतात आणि त्यांची मर्यादा मुळात 500 असते. 'सेटिंग्ज'मध्ये ती 2000 पर्यंत वाढवता येते, त्यापुढे नाही. उरलेल्या नोंदी गुपचूप गळतात. एरवी सूत्राखाली डेलिगेशनचा (काम स्रोताकडे सोपवता येत नसल्याचा) इशारा येतो, पण आपण 'क्लिअरकलेक्ट' वापरतो तिथे त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून चाचणी करताना ही मर्यादा मुद्दाम 1 करा. स्रोत सगळ्या ओळी स्वतः मोजत नसेल तर गोल लगेच एकरंगी होईल आणि गळती कुठे आहे ते कळेल. तपासून झाल्यावर मर्यादा परत वाढवायला विसरू नका.

उपाय दोन. गट पाडण्याआधी तारखेवर 'फिल्टर' लावून 2000 च्या आत बसेल एवढाच काळ घ्या. ते जमत नसेल तर मोजणी ॲपबाहेर करा: डेटाबेसमध्ये व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) करा, किंवा ठरावीक वेळी फ्लो (आपोआप चालणारे काम) चालवून एका छोट्या टेबलात बेरजा लिहा. चार्टला मग चार-पाच ओळीच लागतात आणि स्क्रीनही पटकन उघडते.

चार्ट बिघडलेला दिसला तर

– एकच नाव दोनदा: 'पूर्ण'नंतर कुठेतरी एक रिकामी जागा टाइप झाली आहे. गट पाडण्याआधी 'ट्रिम' लावा.

– नाव नसलेला काप: स्थिती न भरलेल्या नोंदी. त्या काढून टाकू नका, 'नोंद नाही' असे नाव द्या. किती जागा रिकाम्या आहेत हेही कळायला हवे.

– स्टुडिओत (ॲप बनवायच्या पडद्यावर) चार्ट रिकामा: 'ऑनव्हिजिबल' स्क्रीनवर आल्यावर चालते. दुसऱ्या स्क्रीनवर जाऊन परत या.

– नवी नोंद केली तरी आकडे जुनेच: कलेक्शन आपोआप बदलत नाही. सेव्ह बटणात नोंद जतन करणाऱ्या 'पॅच'नंतर तेच 'क्लिअरकलेक्ट' पुन्हा चालवा.

– फोनवर चार्ट बारीक: गोल हा रुंदी आणि उंचीपैकी लहान बाजूत बसतो. लेजंड शेजारून काढून खाली घ्या.

बदल सेव्ह केले तरी 'पब्लिश' करेपर्यंत वापरणाऱ्यांना जुनाच चार्ट दिसतो, आणि ज्यांचे ॲप तेव्हा उघडे असेल त्यांना ते बंद करून पुन्हा उघडावे लागते.