अंबाबाईच्या मस्तकावरचा नाग: मूर्ती संवर्धनाच्या वादाची पार्श्वभूमी

अंबाबाईच्या मूळ मूर्तीच्या संवर्धनाचा विषय निघाला की कोल्हापुरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. दर्शन किती दिवस बंद राहणार, आणि या वेळी तरी देवीच्या मस्तकावरचा, आता न दिसणारा नाग घडवणार का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देवस्थान समिती तारखेसह देते. दुसरा प्रश्न २०१५ पासून तसाच लोंबकळत पडला आहे. बाहेरगावच्या भाविकाला हा हट्ट वाटतो. एवढ्याशा नागासाठी निवेदनं, आंदोलनं कशाला? पण या शहरात देवी नेमकी कोण, हा प्रश्न त्या नागापाशी येऊन थांबतो.

आपण रोज पाहतो ती देवी साडी, दागिने, मळवट आणि किरीट ल्यालेली. पूजा बांधल्यावर मूळ पाषाणाचा मुखाशिवाय फारसा भाग दिसत नाही. आतली मूर्ती काळ्या दगडाची, उभी, साधारण तीन फुटांची आणि चार हातांची आहे. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग हे लिंबाच्या जातीचं फळ, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल म्हणजे खेटक आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र म्हणजे पिण्याचं भांडं. मागे सिंह. दुर्गासप्तशती या देवीच्या स्तोत्रग्रंथाला जोडलेल्या प्राधानिक रहस्य या प्रकरणात महालक्ष्मीचं वर्णन येतं ते असं:

मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती ।
नागं लिङ्गं च योनिं च बिभ्रती नृप मूर्धनि ॥

करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, मूर्ती या दोन ओळींबरहुकूम घडवली आहे. हातातली चारही आयुधं जुळतात. दुसऱ्या ओळीत मस्तकावर नाग, लिंग आणि योनी सांगितली आहे. ही महालक्ष्मी म्हणजे सर्वांच्या आधीची, त्रिगुणात्मक आदिशक्ती. तिच्यापासूनच पुढे महाकाली आणि महासरस्वती प्रकटतात, असं ते रहस्य सांगतं. विष्णूच्या शेजारी बसणाऱ्या, हाती कमळं धरणाऱ्या लक्ष्मीचं हे वर्णन नव्हे. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून शालू येतो. त्यामागची समजूत अशी की बालाजीवर रुसून कोल्हापूरला आलेली त्याची पत्नी ती हीच. शालूला कुणी हरकत घेत नाही, देवीला कुणीही वस्त्र वाहावं. मात्र या कथेमुळे देवीची मूळ ओळख पुसत चालली आहे, असं इथल्या अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि माझ्या मते ते बरोबर आहे. नाग गेला तर या ओळखीचा दगडात कोरलेला पुरावाच जातो.

मंदिराची रचनाही त्याच बाजूनं बोलते. मधल्या गाभाऱ्यात अंबाबाई, उत्तरेला महाकाली, दक्षिणेला महासरस्वती. रहस्यातली त्रयी इथे एका छताखाली आहे. देवीच्या गाभाऱ्याच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर मातृलिंग आहे आणि त्याच्यासमोर नंदी. खाली शक्ती आणि तिच्या डोक्यावर शिव, म्हणजे मूर्तीच्या मस्तकावरचं लिंगच वास्तूत पुन्हा उभं केलेलं. वर्षातले ठरावीक दिवस सोडले तर वरचा मजला बंद असतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मंदिरात येणाऱ्यांपैकी कित्येकांना तिथे शिवलिंग आहे हे ठाऊकच नसतं.

बाहेरून मंदिर तारकाकृती आहे. भिंत सरळ जातच नाही, हाताहाताला कोन घेत वळते. प्रदक्षिणा घालताना एक कोन उन्हात असतो आणि लगेचचा सावलीत, म्हणून त्यांच्यावरच्या योगिनी आणि सुरसुंदरी एकाच वेळी सगळ्या दिसत नाहीत. चालत राहिलं की एकेक पुढे येते. वरची शिखरं मात्र बरीच नंतरची, विटा-चुन्यातली. खालचा काळा दगड आणि वरचा रंगवलेला चुना यांतलं अंतर डोळ्यांना लगेच जाणवतं. पश्चिमेचा लाकडी गरुड मंडप तर एकोणिसाव्या शतकातला.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षानं प्रजेवरचं अरिष्ट टळावं म्हणून डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं, असा उल्लेख नवव्या शतकातल्या संजान ताम्रपटात आहे आणि ही महालक्ष्मी करवीरचीच असं मानलं जातं. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘श्रीमन्महालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ म्हणवून घेत. आज उभ्या असलेल्या वास्तूचा बराच भाग त्यांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या यादवांच्या काळातला. पुढे आक्रमणांच्या धामधुमीत मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली गेली आणि १७१५ च्या विजयादशमीला करवीरच्या छत्रपतींनी ती पुन्हा गाभाऱ्यात बसवली. ती किती वर्षं घरात होती, कशा अवस्थेत होती, तिला कुठे धक्का लागला, याच्या कथा खूप आहेत. मूर्तीच्या आजच्या प्रकृतीचा विचार करताना त्या कथांवर मी भार टाकणार नाही, कारण खरी झीज त्यानंतरची आहे.

ती कशानं झाली हे समजायला अवघड नाही. रोजचं स्नान, पंचामृत, हळद-कुंकू, वस्त्र नेसवताना आणि दागिने चढवताना होणारं घर्षण. दूध आणि दह्यातलं आम्ल, मधा-साखरेचा चिकटपणा, तो काढायला पुन्हा पाणी. त्यात बंदिस्त गाभारा, समया, गर्दीचा उबारा आणि नंतर कधीतरी बसवलेल्या संगमरवरी फरशीनं धरून ठेवलेला ओलावा. दगड कितीही कणखर असला तरी शतकानुशतकं हे सोसताना त्याचे कण सुटणारच. यात पुजाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. देवीची सेवा म्हणजे तिला न्हाऊ घालणं, हीच रीत होती आणि भाविकांनाही तेच हवं होतं.

१९५५ साली मूर्तीला वज्रलेप करण्यात आला. आजच्या वादाचं मूळ इथे आहे. वज्रलेप म्हणजे झिजलेल्या दगडावर बाहेरून चढवलेला लेप. तो खड्डे भरतो, नाक-डोळे पुन्हा रेखीव करतो आणि काही वर्षं मूर्ती नवी दिसते. पण लेप आणि दगड एकजीव होत नाहीत. उष्णता आणि ओल यांना दोघं वेगवेगळा प्रतिसाद देतात, मधे फट पडते, फटीत पाणी शिरतं आणि लेप पापुद्र्यांनी सुटू लागतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे लेपाखाली मूळ कोरीवकाम काय होतं ते झाकलं जातं. कारागिराला जे दिसलं, जे समजलं, तेच वर उमटतं. १९५५ ची मूर्ती आधी सर्व बाजूंनी मोजून, आखून, फोटो काढून ठेवली असती तर पुढचा सगळा वाद एका दुपारी मिटला असता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लेप खराब झाल्याचं दिसू लागलं आणि पुन्हा वज्रलेप करायचा की नाही यावरून प्रकरण न्यायालयात गेलं. तज्ज्ञांकरवी पाहणी झाली. मूळ मूर्तीवरचे अभिषेक थांबले आणि ते उत्सवमूर्तीवर होऊ लागले. हा निर्णय त्या वेळी अनेकांना रुचला नव्हता, तरी मूर्ती आज उभी आहे त्यात त्याचा वाटा मोठा आहे. निकालाची वाट पाहण्यात मात्र सुमारे दीड दशक गेलं. एवढा काळ सुटणारा लेप घेऊन मूर्ती तशीच उभी होती, आणि एवढा उशीर व्हायला नको होता असं मला मनापासून वाटतं.

अखेर तडजोड झाली आणि २०१५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केलं. यात इथिल सिलिकेट वापरलं जातं. हे द्रव्य दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतं, तिथल्या ओलाव्याशी संयोग पावून सिलिका मागे ठेवतं आणि सुटलेले कण एकमेकांना धरून राहतात. वज्रलेप वरून झाकतो, हे आतून बांधतं. पद्धत म्हणून हा पर्याय उजवाच होता.

काम संपून दर्शन सुरू झालं आणि आक्षेप आला: मस्तकावर नाग दिसत नाही. एका बाजूनं सांगितलं की नाग १९५५ च्या वज्रलेपातच गेला, २०१५ ला तो नव्हताच. दुसरी बाजू म्हणाली की संवर्धनात बाकीचा भाग पुन्हा घडवला, मग नागच तेवढा का वगळला? वगळण्यामागे हेतू आहे, देवीला विष्णुपत्नी ठरवण्याचा तो डाव आहे, इथपर्यंत आरोप गेले.

इथे दोन शिस्तींची गाठ पडली होती. पुरातत्त्वाची शिस्त सांगते, जे आहे ते जपा, जे नाही ते कल्पनेनं जोडू नका. एखाद्या लेण्यातल्या शिल्पाला हे अगदी योग्य. पण अंबाबाई पूजेतली देवता आहे. मूर्तिशास्त्रानुसार तिचं लक्षण अपुरं राहिलं तर तो उपासनेतला दोष मानला जातो. त्यातून मूर्तीच्या काही भागांची झीज भरून काढलीच होती, तेव्हा ‘नवं काही जोडणार नाही’ ही भूमिका पूर्ण पाळली गेली असंही म्हणता येत नाही. श्लोक समोर होता, मूर्तीची बाकी सगळी लक्षणं त्याच्याशी जुळत होती. नाग घडवायचा नव्हता तर त्याचं कारण काम सुरू होण्याआधी लेखी जाहीर व्हायला हवं होतं. ते न झाल्यानं संशयाला जागा मिळाली, आणि पुढे काही वर्षांतच मूर्तीवर पांढरे डाग दिसू लागले तेव्हा तो संशय आणखी पक्का झाला.

नंतरच्या घडामोडींनी वातावरण तापतच गेलं. २०१६ मध्ये गाभाऱ्यात महिलांना प्रवेश देण्यावरून संघर्ष झाला. २०१७ च्या जूनमध्ये देवीला घागरा-चोली नेसवल्यावरून शहर पेटलं आणि पुजारी हटावची मागणी झाली. २०१८ मध्ये विधिमंडळानं पगारी पुजारी नेमण्याचा कायदा केला. वरवर पाहता हे विषय वेगळे आहेत. पण मूर्तीवर हक्क कुणाचा आणि तिच्याबद्दलचे निर्णय कुणी घ्यायचे, हा प्रश्न तिन्हींत आहे, म्हणून संवर्धनाच्या प्रत्येक बैठकीत हे जुने हिशेब निघतात. श्रीपूजक म्हणजे देवीचे वंशपरंपरागत पुजारी, देवस्थान समिती, भक्त मंडळी आणि खातं यांचं एकमत व्हायला वेळ लागतो, आणि दगड तेवढ्या वेळात झिजत राहतो.

२०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली आणि १४ व १५ एप्रिलला संवर्धनाचं काम झालं. आधी कलाकर्षण विधी करून देवीचं तेज कलशात घेण्यात आलं आणि ते दोन दिवस भाविकांनी उत्सवमूर्ती व कलशाचं दर्शन घेतलं. या वेळी लोकांनी ते शांतपणे स्वीकारलं. नागाचा निर्णय मात्र याही वेळी झाला नाही.

मूर्तीबरोबर मंदिराकडेही याच काळात लक्ष वळलं, त्यात किरणोत्सवाचा वाटा मोठा. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या तारखांना मावळतीची किरणं अनुक्रमे देवीच्या चरणांवर, कमरेवर आणि मुखावर यावीत अशी मंदिराची बांधणी आहे. २१ डिसेंबरच्या मागेपुढे हे दोन्ही काळ जवळपास सारख्याच अंतरावर, सुमारे ४१-४२ दिवसांवर येतात, म्हणून दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर एकाच जागी, नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. महाद्वारातून आलेला प्रकाशाचा पट्टा गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा असे टप्पे घेत गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो. अलीकडे कित्येकदा तो गुडघ्यांपर्यंत किंवा कमरेपर्यंत येऊन लुप्त झाला. कधी ढग, कधी हवेतली धूळ, आणि कायमचा अडथळा म्हणजे महाद्वाराबाहेरची वाढीव बांधकामं. ढगांचा इलाज कुणाकडे नाही, बांधकामांचा महापालिकेकडे आहे. काही अडथळे काढले गेले, काहींवर अजून बोलणीच चालू आहेत.

आवारातलं मणिकर्णिका कुंडही असंच. ते बुजवून वर बाग केली होती आणि नंतर स्वच्छतागृह उभं राहिलं. तीर्थावर स्वच्छतागृह, आणि तेही आपल्याच शहरात, याचं वैषम्य कोल्हापूरकरांना फार होतं. अलीकडे ते हटवून उत्खनन झालं तेव्हा जुनी दगडी बांधणी, नाणी आणि छोट्या मूर्ती मिळाल्या. गरुड मंडपाचे सागवानी खांब खालून कुजलेले आढळले, त्यामुळे तोही उतरवून नव्यानं उभा करण्याचं काम हाती घेण्यात आलं.

२०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळानं मंदिर परिसराच्या सुमारे १,४४५ कोटींच्या आराखड्याला मंजुरी दिली. एवढ्या मोठ्या रकमेत तीन फुटांच्या मूर्तीच्या नोंदीला लागणारा खर्च हिशेबातही धरावा लागणार नाही. पुढच्या संवर्धनाआधी मूर्तीचं त्रिमितीय मोजमाप घ्यावं, २०१५ आणि २०२४ च्या कामांचे अहवाल त्याला जोडावेत आणि ते सगळं कुणालाही पाहता येईल असं ठेवावं. मस्तकाच्या भागाची नोंद सर्वांत आधी व्हावी, आणि नाग घडवायचा की नाही हे काम सुरू होण्यापूर्वी कारणांसह लेखी सांगावं.