उंदीर नेमकं काय शिकला?

‘नव्या औषधाने उंदरांची बुद्धी लवचीक झाली’ अशा धर्तीची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. लवचीक म्हणजे काय आणि ती लवचीकता मोजली कशी, याबद्दल बातमीत चकार शब्द नसतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो तो चक्रव्यूहात धावणारा उंदीर. पण यासाठीची एक अतिशय सुंदर चाचणी चक्रव्यूहात होतच नाही. ती होते दोन वाडग्यांपाशी.

तिचं मूळ माणसांसाठीच्या एका पत्त्यांच्या चाचणीत आहे. ग्रँट आणि बर्ग यांनी १९४८ मध्ये ती मांडली. पत्ते रंगानुसार लावायचे, आकारानुसार की संख्येनुसार, हे कुणी सांगत नाही. फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच कळतं. नियम हाती लागला की तो गुपचूप बदलला जातो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले रुग्ण ‘चूक’ हे ऐकूनही जुन्याच नियमाला चिकटून राहतात, हे ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये दाखवलं.

उंदराला पत्ते लावता येत नाहीत, पण उकरणं त्याच्या रक्तातच आहे. नेमका हाच धागा पकडून स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या जेनिफर बिरेल आणि व्हेरिटी ब्राउन यांनी २००० मध्ये आपली चाचणी प्रसिद्ध केली. मधला पडदा वर जातो आणि भुकेला उंदीर पुढे येतो. समोर दोन वाडगे. एकाला एक वास, दुसऱ्याला दुसरा. एकात लाकडाचा भुसा, दुसऱ्यात कागदाचे कपटे. खाऊचा तुकडा तळाशी पुरलेला असतो, तोही एकाच वाडग्यात. उंदीर मिशा हलवत दोन्हीकडे हुंगतो, मग एका वाडग्यात पुढचे पाय घालून भराभर उकरू लागतो. उंदराने थेट खाऊच्या वासावरूनच वाडगा ओळखू नये, म्हणून खाऊचा चुरा दोन्ही वाडग्यांत मिसळता येतो. सलग सहा वेळा बरोबर वाडगा निवडला की तो टप्पा पार. नुसत्या नशिबाने लागोपाठ सहा फेऱ्या जिंकण्याची शक्यता ६४ मध्ये एक.

आता खरी गंमत. समजा, उंदीर शिकला की अमुक वासाच्या वाडग्यात खाऊ असतो. आत भुसा आहे की कपटे, याला महत्त्व नाही. पुढच्या एका टप्प्यावर सगळंच बदलतात. वास नवे, भरणही नवं. जुनं काहीच उपयोगाचं नाही. तरीही नियम वासाचाच ठेवला, तर उंदीर तो चटकन पकडतो. त्यानंतर पुन्हा सगळं नवं येतं, आणि या वेळी मात्र खाऊ ठरतो तो आतल्या भरणावरून. इथे उंदीर अडखळतो, त्याला बऱ्याच जास्त फेऱ्या लागतात.

हे दोन्ही टप्पे शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत दोन नवे वास, दोन नवी भरणं आणि एक खाऊ. बाहेरून पाहणाऱ्याला फरक सापडणार नाही. वास ओळखणं मुळातच सोपं असेल, ही शंकाही टिकत नाही, कारण निम्म्या उंदरांना उलट क्रमाने, आधी भरण आणि मग वास, असं शिकवतात. मग फेऱ्या का वाढल्या? कारण फरक वाडग्यांत नाहीच. तो उंदराच्या डोक्यात, त्याच्या आधीच्या अनुभवात आहे. तो एखादा विशिष्ट वास शिकला नव्हता. लक्ष द्यायचं ते वासाकडे, हे तो शिकला होता. ते लक्ष आता त्याला सोडवून घ्यावं लागतं. मनातली ही अदृश्य सवय दोन टप्प्यांतल्या फेऱ्यांच्या एका साध्या वजाबाकीत पकडता येते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

चाचणीत आणखी एक प्रकारचा टप्पा येतो: उलटापालट. वाडगे तेच, वासही तेच, फक्त कालचा बरोबर वास आज चूक. वरवर पाहता हीसुद्धा लवचीकताच. पण कपाळामागच्या मेंदूचा आतला, मध्यरेषेजवळचा भाग निकामी केलेल्या उंदरांना उलटापालट जमली. वासाकडून भरणाकडे लक्ष वळवणं तेवढं जड गेलं. २००३ मध्ये मॅकअलोनन आणि ब्राउन यांनी डोळ्यांच्या खोबणीवरचा भाग तपासला, तर चित्र बरोबर उलटं निघालं. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘लवचीकता’ म्हणतो, ती एक गोष्ट नव्हेच.

म्हणूनच ‘मेंदू लवचीक करून देतो’ असं सांगून खेळ आणि वर्ग विकले जातात, तेव्हा मला राग येतो. नेमकी कोणती लवचीकता, कशाने मोजली? खेळातला गुण वाढला म्हणजे खेळ सरावाचा झाला, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. मेंदूच्या खेळांबद्दल वाढवून सांगितलेल्या दाव्यांमुळे अमेरिकेतल्या एका कंपनीला २०१६ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले.

औषधांच्या बातम्या सगळ्याच पोकळ नसतात. पार्किन्सन्सवर वापरलं जाणारं टॉल्कापोन दिल्यावर उंदरांची लक्ष वळवण्याची ही नेमकी पायरी सुधारली, असं २००४ मध्ये दिसलं. पण असा शोधनिबंध हाती आला की मी आधी औषध न दिलेल्या उंदरांचे आकडे पाहतो. नियम वासाचाच राहिला तेव्हा किती फेऱ्या लागल्या आणि नियम भरणावर गेला तेव्हा किती? हे दोन आकडे सारखेच असतील, तर त्या उंदरांच्या मनात सवय बसलीच नव्हती. छोट्या जातीच्या उंदरांवरच्या काही प्रयोगांत असं घडलेलं आहे. मग औषधाने सोडवलं ते काय?